भलतंच शोधायचं

हरवलेली वस्तू लबाडीने परत मिळवण्यात आमच्या घरमालक काकांचा हात धरणारा माणूस पालघर जिल्ह्यातच काय, उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बोईसरला कारखान्यात नोकरी लागली आणि उमरोळीला त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, तेव्हा वाटलं होतं, घरमालक म्हणजे पाण्याच्या टाकीवरून आणि भिंतीतल्या खिळ्यांवरून कटकट करणार. यांनी पहिल्याच आठवड्यात वर येऊन विचारलं, "तुमचं काय हरवलंय का?" नाही म्हटल्यावर बिचाऱ्यांचा चेहराच पडला.

काकांचा सिद्धान्त असा की, घरातली वस्तू हरवत नाही, रुसून लपते. तिचं नाव घेऊन शोधायला गेलं की ती सावध होते आणि आणखी आत सरकते. म्हणून नाव घ्यायचं नाही, भलतंच काहीतरी शोधायचं, आणि तेही मोठ्याने. बायकोच्या कानातल्याची फिरकी हरवली तेव्हा आम्ही दोघं फरशीवर ओणवे झालो होतो. काका वर आले, ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि "नरसाळं कुटं हाय? मना नरसाळं पायजे!" असा गजर सुरू केला. नरसाळ्यासाठी सिलिंडर सरकवला, तर त्याच्यामागे फिरकी! मी कारखान्यात माल तपासणारा माणूस, पुराव्याशिवाय काही मानत नाही. म्हटलं, "काका, हा निव्वळ योगायोग." "आसंल," ते म्हणाले, "पन त्याला बोलावला कोनी?" एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा पाना हरवला, तर काका झाडू शोधत घरभर फिरू लागले. तो हात जोडून म्हणाला, "चाचा, झाडू नहीं, पाना चाहिए." काकांनी त्याला दटावलं, "धीरे बोल, वो सुनता है!" पाना त्याच्याच बादलीत निघाला.

काकूंना या सगळ्याची भारी मजा वाटायची. त्या कधीकधी काकांचा अडकित्ता मुद्दाम पदराखाली धरून बसायच्या. काका सूप शोधत घरभर हिंडायचे आणि काकू हसू आवरेनासं झालं की अडकित्ता पुढे करायच्या. "बगा, सूप शोदलं का अडकित्ता येते," काका मला विजयाने सांगायचे. त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

काकूंचा जीव परसातल्या घोसाळ्याच्या वेलावर. बी त्यांच्या माहेरचं. माहेरची वाडी कधीच विकली गेली, तेवढा वेल काय तो मागे राहिला होता. दरवर्षी त्या एक घोसाळं वेलावरच वाळू द्यायच्या, त्यातलं बी राखेत घोळवून डब्यात ठेवायच्या आणि मृग लागला की पेरायच्या. गेल्या थंडीत काकू गेल्या. मृग जवळ आला, काकांनी डबा उघडला, तर आत नुसती राख.

त्या दिवशी काका आपला सिद्धान्त साफ विसरले. "घोसाळ्याचं बी, घोसाळ्याचं बी," असं नाव घेत त्यांनी सगळे डबे पालथे घातले, पलंगाखाली शिरले, देव्हारासुद्धा सोडला नाही. शेवटी पायरीवर बसले. "आवंदा नाय पेरलं तं संपलं," ते म्हणाले. "तिच्या म्हायेरचं मंग कायच नाय ऱ्हायलं." त्यांचा सिद्धान्त खरा असावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

बायको माझ्यापेक्षा हुशार. ती जिन्यातून ओरडली, "काका, आमचं नरसाळं हरवलंय! जरा वर येऊन शोधा ना!" नरसाळं तिने पाठीमागे हातातच धरलं होतं. काका तिच्याकडे बघत राहिले, मग डोळे पुसून वर आले. आवाजात जोर नव्हता, पण "नरसाळं कुटं हाय" म्हणत त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, माळा पाहिला आणि न्हाणीघरात गेले. तिथे खिडकीत एक वाळकं घोसाळं पडलं होतं. अंग घासायला म्हणून त्यांनीच मला दिलेलं. अंग सोलवटेल या भीतीने मी त्याची सालही काढली नव्हती.

काकांनी ते उचललं. आत बिया खुळखुळल्या.

"मीच दिलेलं हे," ते हळूच म्हणाले. "तिला दवाखान्यात नेली ना, तवा येल साफ केलेला मी. तिनं बियाला राखलेलं, मना काय म्हाईत!" घोसाळं छातीशी धरून ते उंबऱ्यातच बसले. बायकोने नरसाळं त्यांच्यापुढे ठेवलं. "हे बघा, हेही सापडलं." काका रडता रडता हसले.

आता वेल आमच्या खिडकीच्या गजांपर्यंत चढलाय आणि एक दिवसाआड घोसाळ्याची भाजी खाऊन मी टेकीला आलोय. अलीकडे मात्र काका रोज संध्याकाळी घरभर फिरत मोठमोठ्याने काहीबाही शोधतात. "किसनी कुटं गेली? सूप कुटं हाय?" मी सवयीने तपासून पाहिलं, घरातली एकही वस्तू हरवलेली नाही. अडकित्ता त्यांच्या खिशातच असतो. काकूंचं नाव मात्र ते चुकूनही घेत नाहीत.

परवा मी वरून सांगणार होतो की, काका, सूप तुमच्या समोरच आहे. बायकोने पटकन ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्याही लक्षात आलं. मी खाली गेलो. सूप भिंतीला टांगलेलं होतं. मी काकांबरोबर ते शोधायला लागलो.