काढून ठेवलेले पाटे

चाकणच्या अलीकडे त्याचं गॅरेज आहे. पिकअप उंच करून घ्यायची हौस असलेली आमच्याकडची सगळी मंडळी त्याच्याकडेच जातात. सरळ उत्तर मात्र तो कधी देत नाही. चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बघा राव, गाडी तुमची हाय."

दोन इंच उचलू की चार, असं मी विचारलं तेव्हाही हेच. मी चार म्हणालो. तो हसला, ते मला आवडलं नाही. त्यात गाडी उंच करताना काढलेले मूळ पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तो कुणालाच देत नाही. "राहू द्या हितंच," म्हणतो. भंगारात घालत असणार, याची मला खात्री होती.

परवा आईला घेऊन नट कसून घ्यायला गेलो, तर ते सगळे पाटे शेडमागे ओळीने उभे. ग्रीस लावलेले, प्रत्येकावर पेंटने गाडीचा नंबर. माझाही होता.

"हे कशाला ठेवलेत?"

"लोक परत येत्यात, गाडी खाली करून द्या म्हणून."

"मग आधीच का नाही सांगत?"

"ऐकलं असतं व्हय तुमी?"

म्हणजे एकाच गाडीचं काम दोनदा! पक्का बेरकी माणूस, असं मनात म्हणत मी गाडीकडे वळलो. आत बसून अवघडलेल्या आईला खाली उतरायचं होतं, पण तिचा पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हता. मी हात देण्याआधीच त्याने दाराखाली एक लाकडी स्टूल आणून ठेवलं.

आईने पाय टेकला तेव्हा दिसलं, ते मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं.