जवसाच्या बरणीतला मासा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला अजूनही मान वर करता येत नाही. आणि चहा जरा जास्त टाका. लांबणार आहे.

माझं माहेर मांडवगण फराट्याचं. नदी जवळ, त्यामुळे लहानपणी आठवड्यातून एकदा तरी माशाचं कालवण ठरलेलं. आणि लग्न होऊन आले कुठं? तर निमोण्यात, माळकऱ्याच्या घरात! सासरे, म्हणजे आमचे आबा, पक्के माळकरी. लग्नानंतर वर्षाच्या आत माझ्याही गळ्यात तुळशीची माळ आली. मासा सुटला. मी तक्रार केली नाही हो, पण कधी स्वप्नात कालवण आलं तर त्याला मी काय करणार?

असो. आमची ईश्वरी पाचवीत गेली आणि बाईंनी मला शाळेत बोलावलं. "हुशार आहे, पण लक्ष कुठं असतं कळत नाही. वर्गात खिडकीबाहेर बघत बसते." यंदा स्कॉलरशिपची परीक्षा!

आता आमचा एक पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथं विचारलं आणि धरण फुटलं. भिजवलेले बदाम, अक्रोड, ब्राह्मी, तूप, भोपळ्याच्या बिया. मी सगळं सुरू केलं. पोरगी सकाळी शाळेत जायची ती लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखी. लक्ष काही खिडकीतून आत येईना. मग एका आईनं खाजगीत कळवलं, "ओमेगा थ्रीच्या गोळ्या द्या. माझ्या मुलात फरक आहे." शिरूरला मेडिकलमध्ये गेले, बाटली घेतली, घरी येऊन बघते तर काय? माशाचं तेल!

आता सांगा, परत करायला नको होती का? पण मी विचार केला, ईश्वरीच्या गळ्यात कुठं माळ आहे? पोरीचं भलं होतंय तर होऊ दे. डॉक्टरला विचारायचंही सुचलं नाही. बाटली उकिरड्यावर टाकली आणि त्या सोनेरी गोळ्या लाल झाकणाच्या बरणीत भरल्या. जवसाच्या चटणीची रिकामी बरणी होती ती. नवरा रांजणगावला कंपनीत आहे, नाइट करून आला होता. त्याला सांगितलं तर तो झोपेतच म्हणाला, "आबांना कळलं तर माझं नाव घेऊ नको."

आबा रानात गेले की मी ईश्वरीच्या हातावर गोळी ठेवायची. ती शहाण्यासारखी पाण्याचा पेला घेऊन मागच्या दारी जायची आणि रिकामा पेला आणून द्यायची. मला किती भरून यायचं म्हणून सांगू! म्हटलं, लेक गुणाची.

आठवडाभर बरं चाललं. मग एक दिवस आबा पंपाची चावी विसरले म्हणून परत आले, आणि माझ्या हातात बरणी.

"काय गं हे पिवळं पिवळं?"

माझ्या तोंडातून बरणीतल्या जुन्या चटणीचंच नाव निघालं. "जवस, आबा! जवसाच्या तेलाच्या गोळ्या. बुद्धीसाठी."

आबा एकदम खूश. "व्हय? जवस लई गुणाचा. मग मलाबी देत जा की एक. हल्ली अभंगाचं तिसरं कडवं आठवतच न्हाई."

अहो, पंचाईत झाली! चाळीस वर्षांची माळ, आणि ती माझ्या हातून मोडायची? मी म्हणाले, "ह्या पोरांच्या हायेत आबा, तुमच्या उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरूर. आयुर्वेदिक दुकानात खरंच जवसाच्या तेलाच्या गोळ्या मिळाल्या, देव पावला. दिसायला डिट्टो तशाच. त्या चटणीच्याच दुसऱ्या, निळ्या झाकणाच्या बरणीत भरल्या. नवरा म्हणाला, "चिठ्ठी चिकटव." मी म्हणाले, "मला काय एवढं लक्षात राहत नाही?"

हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

रोज आबांना एक जवसाची गोळी द्यायची. ते "जेवल्यावर घेतो" म्हणून खिशात टाकायचे. मी निश्चिंत.

गुरुवारी आमच्या ओसरीवर भजन असतं. त्या दिवशी भजन संपलं आणि पखवाजवाले सोपानमामा म्हणाले, "सूनबाई, आबा सांगत व्हते, तू बुद्धीच्या गोळ्या देतीस म्हनं. आमालाबी एकेक दे. आता हाताला ठेका गावत न्हाई."

"व्हय व्हय, आण," बाकीचेही म्हणाले. सगळ्यांच्या गळ्यात माळा, आणि सगळ्यांचे हात पुढे.

स्वयंपाकघरात गेले. दोन बरण्या समोर. जवस लाल की निळा? आठवेना! झाकणं धुऊन ठेवली होती सकाळी, ती अदलाबदल तर झाली नसतील? वास घेतला, तर दोन्ही बरण्यांना चटणीतल्या लसणाचा वास. त्याच वेळी बाहेर जाऊन खरं बोलायचं होतं हो. पण मी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि निळं झाकण उचललं.

गोळ्या ताटलीत घालून बाहेर आणल्या. आबा म्हणाले, "थांबा रे. आधी सूनबाई घेईल. घरच्या लक्ष्मीचा पहिला मान."

"मी कशाला आबा?"

"का? जवसच हाय न्हवं?"

आता माघार कशी घ्यायची? माझ्या मनात आलं, मासा असलाच तर निदान या म्हाताऱ्यांच्या आधी मला कळेल. डोळे मिटले आणि गिळली.

"आता आधी च्या घिऊ," आबा म्हणाले. "गोळी मागनं."

चहा केला. कपबशा वाटता वाटता पोटातून काहीतरी वर यायला लागलं. मी तोंड दाबलं. तरी ढेकर आलाच. आणि त्या ढेकराबरोबर, काय सांगू, माझं अख्खं माहेर वर आलं!

सोपानमामांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात आमची मनी, जे मांजर मला कधी भीक घालत नाही, ते दारातून धावत आलं, माझ्या खांद्यावर चढलं आणि तोंड हुंगायला लागलं. हाकललं तरी जाईना.

ईश्वरी टाळ्या पिटत ओरडली, "आई, मनीला गोळीचा वास आला! मी रोज तिलाच देते ना!"

कळलं का तुम्हाला? तरीच ते मांजर हल्ली तासन् तास एका उंदराच्या बिळासमोर एकाग्र होऊन बसायचं!

आबा शांतपणे उठले, आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. आत भेंडीचं बी भरलेलं. बाहेर हा एवढा थोरला निळा मासा छापलेला.

"उकिरड्यावर घावली," आबा म्हणाले. "बियाला बरी म्हणून ठिवली. मला इंग्रजी येत न्हाई सूनबाई, पर मासा वळखू येतो."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून मूठभर गोळ्या काढून ताटलीत टाकल्या. एकही खाल्ली नव्हती. त्या बिचाऱ्या खऱ्या जवसाच्या होत्या, पण आता ते कोणत्या तोंडानं सांगायचं? माझ्या तोंडाला तर वास येत होता.

"मीच धाडलं ह्यास्नी मागायला," आबा म्हणाले. "म्हटलं, गोळी तोंडात घालायची येळ आली की खरं बोलशील. तर तू गिळलीस की गं!"

मला रडूच फुटलं. आबांच्या पायाशी बसले. म्हटलं, "चुकलं आबा. पोरीचं लक्ष लागेना म्हणून जीव घाबरा झाला होता. माझी माळ मोडली."

आबांनी डोक्यावर हात ठेवला. "अजाणता पोटात गेलं, त्ये इट्टल पोटात घालंल. एकादशी कर आन् माळ नव्यानं घाल. पोरीला डॉक्टर सांगंल त्ये दे, मी आडवा येनार न्हाई. पर खोटं बोलू नगं. आन् बोललीस तरी जवसाचं नाव घिऊ नगं. त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

ओसरीवर सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडाला लावून, कारण दुसरा ढेकर येत होता. विचार करा, अख्ख्या घरात मासा खाल्ला कोणी? मांजरानं आणि मी! त्यातही मांजरानं चावून खाल्ला. मी इतक्या वर्षांनी खाल्ला, तोही चव न घेता!

जाताना सोपानमामा उंबऱ्यात थांबले. "आबा, पर गोळी बुद्धीला चालती का न्हाई, त्ये ऱ्हायलंच की."

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "चालती की! हिनं एकच घेतली, आन् जवस कुठला, मासा कुठला, त्ये आता जल्मात इसरनार न्हाई."