दोन बोटी आणि भिकू तांडेल

कुठलीही नवी वस्तू दाखवली, की भिकू तांडेल तिच्याकडे बघायचाच नाही. आधी विचारायचा, "ह्यां बिघडला तर बदलूक काय आसा?" मी हौसेने घेतलेल्या रेडिओवर त्याने हाच प्रश्न टाकला, तेव्हापासून तो लावायचीच मला धास्ती वाटू लागली.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आरोंद्याच्या खाडीकाठी आमचं लष्करी ठाणं. मी पुरवठा अधिकारी, तांडेल इंजिनमिस्त्री. खाडीच्या मुखाशी सहा जवानांची चौकी होती आणि तिथे जायला पाण्याखेरीज वाट नव्हती. मोटारबोटीची मंजुरी आली, खर्चाची मर्यादा घालून. त्यात सुट्या भागांसकट एक बोट बसत होती, नाहीतर नुसत्या दोन.

"एकच घेवा, सायबानू. खाडीचा पाणी म्हंजे चिखल. इंजिन थंड ठेवच्या पंपातलो रबरी पंखो म्हयनोभर टिकाचो नाय."

मला वरिष्ठांच्या डोळ्यांत भरायचं होतं. मी दोन घेतल्या. सुट्या भागांची यादी त्याने तीनदा आणून दिली. तिसरीवर मी चहाचा कप ठेवला.

महिन्याभरात पहिली बोट बंद पडली. दुसरीचा पंखा काढून तिला लावला, तोही फाटला. मग दोघी धक्क्याला रुसलेल्या जावांसारख्या उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात चौकीवर लाल बावटा चढला: माणूस आजारी.

मी पंखा दोरीने बांधायच्या सूचना देऊ लागलो.

"सायबानू, तोंड बंद करा आनि वल्ह्याक बसा!"

कोळ्याच्या होडीतून आम्ही भरतीच्या उलट निघालो. माझ्या वल्ह्याने होडी गोल फिरायची. "वल्हवतास काय पाणी ढवळतास?" शेवटी त्याने माझंही वल्हं काढून घेतलं. तापाने बरळणारा जवान दुपारी धक्क्यावर आला, तेव्हा तांडेलाच्या तळहातांची साल निघाली होती. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर हाती लागला नसता.

तांडेलाने मला तिथेच वरिष्ठांना लिहायला कागदापुढे बसवलं: एक बोट परत घ्या, बदल्यात सुटे भाग द्या. असं का झालं, याखाली मी 'परिस्थितीमुळे' लिहिलं.

"ही परिस्थिती खंयच्या हुद्द्यावर आसा?"

मी खोडून स्वतःचं नाव घातलं. सुटे भाग आले. माझी बढती अडली ती अडलीच. तांडेल नोकरी सोडून निघाला त्या दिवशी मी कुरकुरलो, "तुझ्या त्या कागदापायी मी अजून इथंच आहे."

त्याने ट्रंक खांद्यावर घेतली. "तो जवान आपल्या घराक पोचलो मा?"

एवढंच विचारून तो एसटीत चढला.