सरांचा डबा

फुलपाड्यातल्या आमच्या जिमच्या ट्रेनरला सगळे सर म्हणतात. कुणीही आलं की तो विचारतो, "काल काय खाल्लं?" आणि उत्तर येण्याआधीच मान हलवतो. "बॉडी किचनमध्ये बनते, समजलं?" इथवर माणूस खरं बोलतो. पुढे मात्र सगळ्यांना एकच फर्मान: भात बंद, मासे बंद, आणि त्याच्याच कपाटातली पावडर चालू.

कळंबहून येणाऱ्या एक ताई चरबी घटवायला महिनाभर त्या पावडरवरच राहिल्या. परवा त्या चक्कर येऊन खाली बसल्या. तो धावला आणि त्याने स्वतःचा डबा उघडून पुढे केला. आत भात होता, बोंबलाचं कालवण होतं. ज्या दंडांवर पोरं भाळतात, ते यावर पोसलेत तर!

"खा ताई, सावकाश खा," तो म्हणाला. अशा पावडरी खपवणाऱ्या माणसांविरुद्ध मी पत्रकं वाटतो, तरी त्या क्षणी तो मला आवडला.

ताईंना तरतरी आली. "सर, मग घरी थोडा भात खाऊ ना? बोंबील तर आमच्या घरचेच असतात."

त्याने आमच्याकडे पाहिलं. "वजन उतरवायचंय ना? मग भात बंद."

ताईंनी मान डोलावली आणि पावडरचा दुसरा डबा मागितला. त्याने तो काढून दिला.