जांभळ्या शाईचे कार्ड

शहापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात, भिंतीच्या सावलीला टेबल टाकून, मी वीस वर्षांहून अधिक काळ लोकांचे अर्ज लिहिले. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज अपुरा म्हणून परत आल्याचे उदाहरण तालुक्यात फारसे कोणी दाखवू शकणार नाही. याचे श्रेय मी माझ्या स्वभावाला देतो. समोरचा माणूस सांगतो ते खरे, असे मी कधी धरून चाललो नाही. तो काय लपवतो आहे ते आधी शोधायचे आणि मगच पेनाचे टोपण काढायचे, ही माझी रीत होती. नवे वकीलसुद्धा पक्षकार कसा आहे हे मला डोळ्यांनी विचारून जात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोळखांबकडचे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन माझ्यापुढे बसले, तेव्हाही मी टोपण लगेच काढले नाही.

प्रकरण असे होते. मुलीचा बाप ट्रकच्या अपघातात गेला आणि पुढल्याच वर्षी आई काविळीने गेली. घरात आजोबा आणि ही आठ वर्षांची पोर, एवढीच माणसे उरली. आजोबांची एकुलती मुलगी, म्हणजे पोरीची आत्या, परदेशात एका इस्पितळात नर्स होती. तिला मूलबाळ नव्हते. भावाची मुलगी तिला दत्तक घ्यायची होती. ठाण्याच्या वकिलांनी कोर्टाची परवानगी मिळवली होती. मात्र त्या देशाच्या वकिलातीला लागणारे बाकीचे कागद इथूनच उभे करायचे होते. आजोबांच्या छातीत दुखे. चार पायऱ्या चढले की ते खांब धरून उभे राहत. त्यांच्यामागे या पोरीला घरात घेणारे कोणी नव्हते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी, तिच्या देखत, सांगून टाकले.

मी विचारले, "तुमची मुलगी परदेशी कधी गेली, बाबा?"

"ही पोर झाली त्याच साली."

"आणि त्यानंतर किती वेळा आली?"

"भाऊ मेला तवा आली. मंग नाय."

आठ वर्षांत एकदा येणारी आत्या एकाएकी भाचीला मागते, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली. तिकडे घरकामाला हक्काचे माणूस हवे असेल, असा माझा पहिला अंदाज होता. मी तो बोलून दाखवला नाही. मात्र विसरलोही नाही.

आजोबाही माझ्यावर भरवसा ठेवणारे नव्हते. त्यांना वाचता येत नसे. मी लिहिलेला प्रत्येक कागद ते आधी नातीच्या हातात देत. "वाच गो," म्हणत. पोर टेबलाला टेकून, 'सदरहू' आणि 'उपरोक्त' या शब्दांशी झटापट करीत, मोठ्याने वाची. मग आजोबा विचारीत, "आपन बोललो तेच हाय ना?" तिने मान हलवली म्हणजेच शाईच्या पॅडावर अंगठा टेकत. तिसरीतल्या पोरीकडून माझा मसुदा तपासून घेणारे ते एकमेव अर्जदार. मला हा माझ्या अक्षराचा अपमान वाटे.

सहा महिने गेले. पोरीचा जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. म्हणून आधी नोंद आढळत नसल्याचा दाखला, मग सुईणीचे प्रतिज्ञापत्र, मग कोर्टाचा हुकूम आणि अखेरीस जन्मदाखला. हे सारे जोडून फाइल गेली, ती पहिल्या शंकेसह परत आली. मुलीची, तिच्या मृत बापाची आणि साक्षीदाराची जन्मतारीख एकच, म्हणजे एक जून, कशी? मी सविस्तर उत्तर दिले की, आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सर्वांची तारीख एक जूनच लिहितात आणि हे उत्तर लिहिणाऱ्याचीही जन्मतारीख तीच आहे. वकिलातीला ते पटले असावे, कारण पुढची शंका निराळीच आली.

आईच्या नावात फरक होता. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. सासरचे नाव असलेला एखादा सरकारी कागद जोडा, असे वकिलांनी कळवले. आजोबांनी घरच्या पत्र्याच्या पेटीतले जे होते ते झेरॉक्स करून आणले. त्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचे एक कार्ड निघाले. नाव पूर्ण, पतीचे नाव पूर्ण, वर गोल शिक्का. मी नाव पाहिले आणि ते फाइलला लावले.

दोन महिन्यांनी वकिलांनी मला ठाण्याला बोलावून वकिलातीचे पत्र वाचून दाखवले. मुलीच्या आईची शस्त्रक्रिया मुलीच्या जन्माच्या दोन वर्षे आधी झालेली दिसते. मग या मुलीची जन्मदात्री कोण? साठ दिवसांत पुराव्यासह खुलासा न आल्यास प्रकरण बंद करण्यात येईल.

परतताना मी सगळा हिशेब मनाशी जुळवला. पोर झाली त्याच साली आत्या परदेशी गेली. भावजयीची शस्त्रक्रिया आधीच झालेली. मूलबाळ नसलेली आत्या नेमकी हीच पोर मागते. मला खात्रीच झाली. खोटे सांगावे लागते म्हणून मला राग नव्हता. ते माझ्यापासून लपवले, याचा मात्र होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आजोबा आले. पोरीला मी नळावर पाणी प्यायला पाठवले.

"बाबा, आता तरी खरे सांगा. ही पोर तुमच्या सुनेची, की मुलीची?"

आजोबा टेबलावर हात टेकून उभे राहिले.

"काय बोललाव तुमी?"

"मी नाही, कागद बोलतो. सुनेचे ऑपरेशन आधी झाले आहे."

"सुईनीचा कागद कोनी लिवला?"

"मी लिहिला."

"तवा ती म्हातारी खरी होती. आज खोटी झाली काय? तिच्या हातावर पोर झाली माझ्या सुनेला, माझ्या पडवीत. माझी लेक तवा ठान्याला हॉस्पिटलात पांढऱ्या साडीत हुबी होती, रोज सही करीत. जा, तिथला बी कागद आना!"

शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्प विकणारा मान वर करून बघू लागला. मी आवाज उतरवला.

"मग हे कार्ड कुठून आले?"

"ते काय? ते सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं आनून दिलं. बोलली, घरात ठेव, कोनी बोलवाला आला का दाखव, परत तरास देनार नाय. त्या टायमाला आठ-आठ दिसांनी येत ना जीप घेऊन. त्या दिशी सून माझ्याबरोबर मोहाची फुलं येचीत होती रानात. कसलं आपरेशन नि काय!"

"म्हणजे हे कार्ड खोटे?"

"मला काय इचारता? लिवनाऱ्याला इचारा!"

मी त्यांना मूळ कार्ड घेऊन येण्यास सांगितले. खरे तर ते खोटे बोलतात हे मला सिद्ध करायचे होते. मूळ कार्डावर खाडाखोड असेल, तारीख बदललेली असेल, असे मला वाटत होते.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. खाडाखोड नव्हती. अक्षर वळणदार होते, गावाच्या नावाखाली दुहेरी रेघ होती आणि शाई जांभळी होती.

त्या काळी आवारात जांभळी शाई एकच माणूस वापरी. झेरॉक्समध्ये सगळे काळे झाले होते, म्हणून मला कळले नव्हते. गावाच्या नावाखाली दुहेरी रेघ मी आजही मारतो.

मला तो दिवस आठवला. मार्चअखेर होती. आरोग्य खात्यातला एक ओळखीचा कारकून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि नावांची यादी घेऊन आला. वरून आकडा पुरा करण्याचा दट्ट्या होता. ते साल तसेच होते. मास्तरांना, तलाठ्यांना, सगळ्यांनाच आकडे दिलेले असत. "तुमचं अक्षर चांगलं आहे, भाऊ, तेवढी भरून द्या," तो म्हणाला. अक्षराची स्तुती झाली की मी जरा खुलत असे. यादी मतदारयादीच्या क्रमाने होती, हेही माझ्या ध्यानात आले होते. मी इतकेच विचारले, "या बाया कुठे आहेत?" तो म्हणाला, "शिबिरात." मी चहा घेतला आणि दुपारभरात गठ्ठा भरून दिला. जन्मभर समोरच्या प्रत्येक माणसावर संशय घेणाऱ्या मी त्या दिवशी तो घेतला नाही, कारण समोर माणूस नव्हता, यादी होती.

आजोबा म्हणाले, "काय झाला? वळखता काय कोनाचा अक्षर?"

"ओळखतो," मी म्हणालो.

त्यांनी कार्डाकडे पाहिले, मग माझ्यापुढच्या अर्धवट अर्जाकडे पाहिले. वाचता येत नसले तरी त्या माणसाला दोन रेघा दिसत होत्या. पोर म्हणाली, "आजा, हे तर यांचंच."

खुलासा एकच होता. ते कार्ड मी भरले, ती बाई समोर नसताना, यादीवरून भरले, असे शपथेवर लिहून द्यायचे. ते लिहून दिले तर आवारात बसण्याचा माझा परवाना जाईल, कदाचित त्याहून अधिक काही होईल, हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. आठ दिवस मी काहीच केले नाही. कारकून बदलून गेला होता. शिबिराची नोंदवही मिळणे अशक्य होते. साठांपैकी तीस दिवस संपले होते. त्या आठवड्यात आजोबा आले ते खांबाला धरून बराच वेळ उभे राहिले आणि पोर त्यांची पिशवी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या एस.टी.ला बोलावले.

शहापुरात हे प्रतिज्ञापत्र करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आम्ही मुरबाडला गेलो. तिथल्या कचेरीबाहेर माझ्यासारखाच एक अर्जलेखक छत्रीखाली बसला होता. मी माझी हकिगत सांगितली. त्याने टोपण काढले नाही.

"हे तुम्ही स्वखुशीने लिहून देताय?" तो म्हणाला.

"हो."

"पैसे-बिसे घेतलेत का या म्हाताऱ्याकडून?"

"नाही."

"मग का लिहून देताय?" त्याने मला खालून वर न्याहाळले. ती नजर मला चांगली ओळखीची होती. फक्त यापूर्वी ती माझ्यावर कधी पडली नव्हती. "काहीतरी लपवताय तुम्ही."

"नाही. आता काही राहिलेले नाही," मी म्हणालो.

त्याने लिहिले. बरे लिहिले, दोन ठिकाणी मी शब्द बदलायला सांगितले, त्याने ऐकले नाही. मग आत साहेबांसमोर उभे राहिलो तेव्हा अडचण आली. प्रतिज्ञा करणाऱ्याची ओळख पटवणारा माणूस हवा. मुरबाडात मला ओळखणारे कोणी नव्हते, आणि म्हणूनच तर मी तिथे गेलो होतो. साहेबांनी आजोबांकडे बोट केले.

"तुम्ही यांना ओळखता?"

"वळखतो."

"किती वर्षे?"

"वरीस बी नाय झाला." आजोबांनी माझ्याकडे पाहिले. "पन आता चांगला वळखतो, साहेब."

त्यांनी माझ्या ओळखीखाली अंगठा दिला. देण्याआधी पोरीकडून सगळे वाचून घेतले, ते सांगायला नकोच.

यानंतर वकिलातीने सुईणीला समक्ष बोलावले, आत्याचे हजेरीपत्रक मागवले आणि मग चार महिन्यांनी होकार कळवला. माझ्या कबुलीवर त्यांचा विश्वास बसला, की ते कंटाळले, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडे त्या कार्डाबद्दल विचारणा करायला कोणीही आले नाही. मी वर्षभर वाट पाहिली. ज्या चौकशीची मला भीती होती, तिची कोणाला गरजच नव्हती. मात्र त्या गठ्ठ्यातली इतर कार्डे कोणकोणत्या पाड्यांवर, कोणाच्या पेटीत पडून आहेत, हा विचार अधूनमधून मनात येतो. जांभळी शाई मी तेव्हाच सोडली.

पोर जायच्या आधीच्या आठवड्यात दोघे आले. आजोबांनी कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"यांच्यावर लेकीचा पत्ता लिवा. इंग्लिशमंदी."

माझे इंग्रजी जेमतेम. आत्याच्या पत्रावरून मी एकेक अक्षर उतरवत गेलो. पोरीला इंग्रजी येत नव्हते. ती पत्र शेजारी धरून आकार ताडून बघत होती. एका पाकिटावर तिने बोट ठेवले.

"या अक्षराचं पोट दुसरीकडं हाय."

मी ते पाकीट बदलले.

"आणि पत्रे कोण लिहिणार, बाबा?" मी विचारले.

"तुमीच."

"मी लिहीन. पण वाचून कोण दाखवणार तुम्हाला?"

आजोबांनी पाकिटे पिशवीत भरली. "त्योच तर इचार करतोय," ते म्हणाले. पोर हसली, आणि मग तिने तोंड फिरवले.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी आजोबा त्यातले एक पाकीट घेऊन एकटे आले. भात बरे आहे, छातीचे दुखणे आहे तसेच आहे, गाय व्याली, नीट जेवत जा, इतकेच त्यांनी सांगितले. मी तेवढेच लिहिले. कागद त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, अंगठ्यासाठी पॅड पुढे ओढले आणि थांबले. मग कागद घेऊन ते स्टॅम्पवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतला.

परत येऊन त्यांनी अंगठा दिला. मी पाकीट पुढे केले.