तुरुंगातल्या माणसाचा हेवा

"अरे, तू काय बसलास? भजी कोण तळणार?"

साहेबांच्या बाई असं म्हणाल्या आणि हॉलमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी दाराशी जमिनीवर टेकलो होतो. हातात झारा. गुन्हा एवढाच, की साहेब एका कामगार पुढाऱ्याची पत्रं वाचत होते आणि मी ऐकत होतो.

"बसू द्या हो," सोफ्यावरचे एक पाहुणे म्हणाले. "पुढाऱ्याला पहिला कामगार सापडला!"

सगळे हसले. साहेबही हसले. मी उठलो.

इथं आखातात, रुसैलच्या कारखान्यात मी ऑफिसच्या पँट्रीत आहे. साहेब तिथले मॅनेजर. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले. म्हणून दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, अल् खुवैरच्या त्यांच्या फ्लॅटवर मला बोलावणं. "तू काय, आपलाच माणूस," म्हणायचे. आपल्या माणसाला सुट्टी कशाला लागते?

त्या दिवशी त्यांच्या वाचनमंडळात एका जुन्या अमेरिकन कामगार पुढाऱ्याची पत्रं चालली होती. समाजवादी माणूस. कामगारांच्या बाजूनं उभा राहिला म्हणून तुरुंगात गेला आणि तिथून घरी भावाला लिहीत राहिला. साहेब इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. घरचे कसे आहेत, विचारतो. बरोबरच्या कैद्यांबद्दल मायेनं लिहितो. भावाच्या पत्राची वाट बघतो. आणि भावाचं पत्र येतं. इथं साहेबांनी चष्मा काढला. एका बाईंनी डोळे पुसले.

माझ्या पोटात दुखलं. सरळ सांगतो, मी जळलो. साहेबांवर जळलो, त्या डोळे पुसणाऱ्या बाईंवर जळलो. ही पत्रं आमच्यासारख्यांची, आणि रडायला सोफ्यावर हे! आमच्या वाट्याचं दुःखसुद्धा यांनीच आधी वाढून घेतलं.

पण सगळ्यात जास्त जळलो त्या मेलेल्या माणसावर. त्याला कोठडीत भावाला लिहायला वेळ मिळत होता. माझा थोरला भाऊ गुहागरला दर शुक्रवारी दुपारी फोन पुढ्यात ठेवून बसतो. आणि माझे हात इथं पिठात. त्या दुपारीही माझा मोबाईल ओट्यावर थरथरत होता. भावाचाच फोन. मी भज्यांचा घाणा काढत होतो. फोन वाजून वाजून बंद झाला.

तुरुंगातल्या माणसाचा हेवा वाटावा, ही माझी मोकळ्या माणसाची गत.

कामगारांच्या कॅम्पवर परतल्यावर दाऊदला सगळं सांगितलं. दाऊद माझ्याच खोलीतला, दापोलीकडचा इलेक्ट्रिशियन. त्यालाही शुक्रवारी कुणा ना कुणा साहेबाच्या घरचा एसी बघायला जावं लागतं.

"पुढल्या शुक्रवारी मी जाणार नाही," मी म्हणालो.

"तुला काय याड लागला? विसा त्यांच्या हातात हाय."

"विसा आहे. शुक्रवार नाही."

दाऊद भिंतीकडं तोंड करून झोपला.

पुढच्या शुक्रवारी सकाळीच साहेबांचा फोन आला.

"आठ-दहा जण आहेत. लवकर ये."

"येणार नाही, सर."

"का रे? बरं नाहीये का?"

"बरा आहे. सुट्टी आहे."

तिकडं साहेबांनी बाईंना काहीतरी सांगितलं. मग, "विचार कर हं नीट."

"केलाय, सर."

नोकरी जाईल, ही भीती होती. आजही आहे. तेवढ्यात दाऊदचा फोन वाजला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फोन उचलला. "सुट्टी हाय साहेब, आज नाय जमायचा," म्हणाला.

दुपारी मी भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं. खूप बोललो.

तो हेवा काही गेला नाही. मी जाऊही देणार नाही. तो आहे म्हणून मला कळतं, माझं काय काय दुसऱ्याच्या घरात पडलंय. शुक्रवार परत आणला. बाकीचंही आणणार आहे.