गव्हाची काडी

माझ्या दातांचं कुणी कौतुक केलं की मला ते सोसत नाही. का, ते आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवापुढंसुद्धा ओठ हलवले नाहीत. परवा सुनेची मैत्रीण म्हणाली, "आजी, ह्या वयात तुमचे दात कसे शाबूत? आमाला पण सांगा की." सगळ्या हसल्या. मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरली. तोंडात काही नव्हतं. तरी भरली.

आता तुम्हाला सांगते. शाळेत मी गेले नाही, पुडीच्या कागदांवरची अक्षरं जोडत जोडत वाचायला शिकले. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या, म्हणजे लिहिण्यातलं. बाकीचं सांभाळू नका.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कालव्याच्या पाण्यावर आमची वस्ती. वांगी, मेथी, घेवडा, थोडा गहू. मी थोरली सून, लोणी भापकरची. राखुंडीनं दात घासत वाढलेली. माझ्यामागून सहा वर्षांनी धाकटी जाऊ आली, शेवंता. वालचंदनगरची. वडील कारखान्यात, राहायला क्वार्टर, घरात विजेचा दिवा. तिच्या ट्रंकेत काय निघालं असेल? दंतमंजनाची गुलाबी डबी! आम्ही सगळ्यांनी ती हुंगून बघितली.

आणि ती हसायची. आमच्यात सुनेनं हसायचं तर पदर तोंडाला लावून. हिला ते ठाऊकच नव्हतं. मोकळी हसायची, नुकत्या सोललेल्या लसणीसारखे पांढरे दात सगळे दाखवून. सुनांशी चकार शब्द न बोलणारे मामंजी, पण तिच्या हसण्यानं त्यांच्याही मिशा हलायच्या. दात माझेही वाईट नव्हते हो. पण सहा वर्षांत ते पाहिले कुणी?

वर्षाच्या आत तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती जात्यावरून उठायची आणि भिंत धरायची. ओठ पांढरे, नखं पांढरी. सासूबाईंनी बाजारच्या दिवशी भाजीच्या गाडीतून आम्हा दोघींना बारामतीच्या दवाखान्यात धाडलं. तपासून झाल्यावर तिला पुन्हा घेरी आली म्हणून ती बाहेर पायरीवर बसली. औषधाच्या खिडकीशी मी उभी. घरून बाटली धुऊन आणलेली. कंपाउंडरनं तीत तांबूस काळं औषध भरलं, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि बोट वर करून म्हणाला, "बाई, हे लोखंडाचं औषध आहे, रक्त वाढायला. वाटीत ओतून गव्हाच्या काडीनं ओढायचं. दातांना लागू द्यायचं नाही, नाहीतर काळे पडतील. वरून चूळ भरायची. तिला नीट सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

एवढंच होतं. एक काडी! आमच्या खळ्यावर पायाखाली तुडवली जायची ती.

परतताना गाडीत ती बाटलीचं बूच काढून वास घेत होती. खिळे भिजत घातलेल्या पाण्यासारखा वास, अजून नाकात आहे माझ्या. म्हणाली, "आक्का, कसं प्यायचं ओ हे?"

विचारलं होतं तिनं. मी विसरले असं म्हणायलासुद्धा जागा नाही.

"कसं म्हंजी? तोंडानं," मी म्हणाले.

ती हसली. सगळे दात दाखवून.

पंधरा-वीस दिवसांत दात काळे पडायला लागले. आधी हिरड्यांच्या कडेनं, मग फटींतून, मग सगळेच. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, चोरून मिश्री लावाय लागलीस व्हय?" धाकटे भाऊजी, तिचा नवरा, बैलांना पेंड टाकता टाकता म्हणाले, "आता हसू नगं बाई, बैल बुजत्याल." सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडाला लावून. शेवंता गुलाबी डबीतलं मंजन घेऊन घासायची, मग कोळसा, मग मीठ. हिरड्या सोलून रक्त यायचं, आणि अंगात होतं किती ते रक्त? थुंकी काळी-लाल पडायची दगडावर. ते बघून मला किळस यायची. होतं ते असं होतं: करणारी मी, आणि किळस मला तिची यायची.

मग ती औषध मोरीत ओतायला लागली. डोसाच्या खुणेपर्यंत मोजून ओतायची, म्हणजे सासूबाईंना बाटली उतरलेली दिसावी. मी पाहिलं. मोरीचा दगड गंजल्यासारखा झाला, तोही पाहिला. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? दगड मीच घासून काढला, सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून. तिच्यासाठी घासला असं वाटतं का तुम्हाला? बोलणी निघाली असती, आणि निघता निघता काडीपर्यंत आली असती.

बाटली संपली की भरून आणायला मीच जायची. कंपाउंडर विचारायचा, "काडीनं पितात ना?"

"व्हय."

"फरक आहे?"

"हाय की. लई फरक हाय."

असं तीन वेळा.

सातव्या महिन्यानंतर ती माहेरी गेली. मुलगी झाली, चार दिवस होती. बाळंतिणीचं रक्त फार गेलं, ती वाचली हेच खूप असं तिचे वडील सांगून गेले. वस्तीवरच्या बाया म्हणाल्या, तेवढंच आयुष्य होतं पोरीचं. मी मान हलवली. दोनेक महिन्यांनी शेवंता आली, पिकल्या पानाच्या रंगाची. दात परत पांढरे झाले होते. पण कुणी काही गमतीचं बोललं की हिचा पदर तोंडाशी. शिकली एकदाची.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. तीच खिडकी, तीच बाटली, तेच औषध. मी कडब्याच्या गंजीमागं वाटी घेऊन बसायची आणि काडीनं ओढायची. जीभ आकसून यायची त्या चवीनं, पण दातांना थेंब लागू दिला नाही. एका सकाळी शेवंता कडबा न्यायला आली. काडी माझ्या तोंडात होती. तिनं काडीकडं पाहिलं, वाटीतल्या औषधाकडं पाहिलं, मग माझ्या दातांकडं. घोट तोंडात तसाच होता, तो मी गिळला. तिनं पेंढी उचलली आणि गेली.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. संध्याकाळ झाली, जेवणं झाली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी बाटलीशेजारी एक काडी ठेवलेली होती. दोन्हीकडची पेरं छाटलेली, फुंकून साफ केलेली, धुतलेली. तिसऱ्या दिवशी नवी. चौथ्या दिवशी नवी. माझे दिवस भरेपर्यंत रोज, तिनं एक दिवस चुकवला नाही. एकदाच बोलली, "आक्का, कालची घेऊ नगा, चिरली हाय ती."

मी काय केलं? पाया पडले? रडले? नाही. काडी घेतली आणि प्याले. रोज प्याले. माझा मुलगा गुटगुटीत झाला, आणि त्याला पहिलं अंघोळीला घेतलं ते तिनं. तिची कूस पुढं कधी उजवली नाही. त्यानंतर एका चुलीवर आम्ही चाळीसेक वर्षं काढली. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

शेवंता गेली. माझे दात आहेत. रोज सकाळी घासते, चूळ भरते आणि थुंकते.